निळ्या पेन्सिलीतली चार पानं

हे मी बरीच वर्षं टाळलं. सांगायची वेळ आली की मी विषय बदलत असे, आणि म्हाताऱ्या माणसाने विषय बदलला तर त्याला कोणी हटकत नाही.

गेल्या दिवाळीत इथे अमेरिकेत, श्रूजबरी गावातल्या एका घरी आम्ही फराळाला जमलो होतो. यजमानीण बाईंची मुलगी पूर्वी माझ्याबरोबर शिकायला होती. तिच्याविषयी पुढे येईलच. चकल्यांचं ताट फिरवताना बाई कोणाला तरी म्हणाल्या, "हुशार होती हो, पण धांदरट. एक चुकीची फाइल दिली आणि सगळं घालवून बसली. आता तिकडे दक्षिणेत, कॅरी गावात, औषधांच्या कंपनीत मॅन्युअल लिहिते." मग माझ्याकडे वळून, "काकांना विचारा. काका होते तिथे."

मी चकली उचलली आणि खुसखुशीत झालीय म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे लिहायला बसलो. मुलगी धांदरट नव्हती. ती फाइल मी दिली होती, आणि चुकून दिली नव्हती. एका आयरिश फोरमनचा सूड घ्यायचा म्हणून दिली होती. सूड घेताना मला बरं वाटलं, आणि आजही त्या दुपारचे काही क्षण आठवले की बरं वाटतं. मला पश्चात्ताप आहे, पण तो रागाला चिकटलेला आहे. आधी राग खरवडून काढू आणि मग लिहू असं म्हटलं असतं, तर हे कधीच लिहून झालं नसतं.

मी सांगलीचा. इंजिनिअरिंग करून अमेरिकेत आलो आणि वूस्टरमधल्या एका कारखान्यात लागलो. तिथे पोलाद घासायची दगडी चाकं बनत, ग्राइंडिंगची. माझं काम चाकं तपासण्याचं. चाक दांड्यावर टांगायचं आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच ठोकायचं. बाजारात माठ घेताना आई जसा वाजवून घ्यायची, तसंच. चांगलं चाक घंटेसारखं वाजतं. आत केसाएवढा तडा असला तरी आवाज बसका येतो. त्यानंतर चाक बंद पेटीत जास्त वेगाने फिरवून बघायचं, आणि मग तक्त्यावर सही.

फोरमन माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. अठराव्या वर्षी आयर्लंडच्या एका खेड्यातून आलेला, रुंद खांद्यांचा, सतत बोलणारा. पहिल्याच दिवशी त्याने मला विचारलं, "इंडिया का? म्हणजे कलकत्ता." तेव्हापासून मी कलकत्ता. आम्ही अकरा वर्षं एका छताखाली काम केलं, आणि त्याने माझं नाव एकदाही उच्चारलं नाही. जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडला की तो लांबूनच ओरडायचा, "कलकत्ता, आज काय जाळून आणलंस?" सगळे हसत. मीही हसत असे. तसं हसल्याबद्दल मला माझा राग यायचा, आणि तोही एक दिवस याच्यावरच काढायचा असं मी ठरवून टाकलं होतं.

त्याला बापाचा फार अभिमान. शहरातल्या आयरिश क्लबच्या भिंतीवर त्याच्या बापाची तसबीर होती, डोक्यावर कॅप, खांद्याला बंदूक. "माझा बाप इंग्रजांशी लढला," असं तो आठवड्यातून एकदा तरी सांगायचा. "आणि तुम्ही काय केलंत, कलकत्ता? सूत कातलंत?"

एके दिवशी आमच्या एका चाकाचे चालत्या मशीनवर तुकडे झाले. मशीनवर तरुण कामगार होता. त्याचा जबडा मोडला आणि डाव्या डोळ्याची नजर गेली. चौकशी झाली. फोरमन उभा राहून म्हणाला, "तक्त्यावर कलकत्त्याची सही आहे. पण ते चाक त्या दिवशी टांगलेलं मी पाहिलेलं नाही."

मला तपासणीतून काढून मागच्या खोलीत कागद लावायला बसवलं, ते निवृत्त होईपर्यंत. घरी मी बायकोला सांगितलं, की स्वतःच्या माणसांना वाचवायला त्या आयरिश माणसाने माझा बळी दिला. तिने ते तिच्या मैत्रिणींना सांगितलं. आमच्या मराठी मंडळात माझ्याकडे अन्याय झालेला माणूस म्हणून बघू लागले. गणपतीला नवीन आलेल्या पोरांना कोणी तरी माझ्याकडे बोट दाखवून ती गोष्ट सांगायचंच. मी मान हलवायचो.

बायको गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी मी जवळच्या कॉलेजात एम.ए.ला नाव घातलं. विषय आधुनिक आयर्लंडचा इतिहास, साहित्य आणि संस्कृती. मंडळात थट्टा झाली. "आयरिश? काका, त्यात दारूचं प्रॅक्टिकल असतं का?" एक जण म्हणाला, "रिटायर झाल्यावर लोक संस्कृत शिकतात, यार." मी म्हणायचो, आवड आहे.

आवड कसली? मला त्या माणसाचं कूळ-मूळ जाणून घ्यायचं होतं. तो ज्या इतिहासाच्या जोरावर छाती काढून हिंडला, तो मला त्याच्यापेक्षा जास्त पाठ हवा होता. कधी कुठल्या दुकानात भेटलाच, तर त्याच्याच देशाबद्दल दोन प्रश्न विचारून त्याला गप्प करायचं, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. वयाच्या सत्तराव्या वर्षी माणूस एवढ्यासाठी दोन-अडीच वर्षं अभ्यास करू शकतो, हे मला स्वतःवरून कळलं.

अभ्यास मात्र मन लावून केला. बटाट्याचं पीक कुजून पडलेला दुष्काळ वाचला. खंड थकला म्हणून कुळांच्या घरांची छपरं उतरवणारे जमीनदार वाचले. होमरूल हा शब्द आपण त्यांच्याकडून उचलला, हे शाळेत ऐकलेलं इथे मुळातून समजलं. आई मुलाला बोटीवर चढवण्याच्या आदल्या दिवशी, तो परत येणार नाही हे ठाऊक असल्यामुळे, घरात मयतासारखे लोक जमवायची. हे वाचताना डोळे भरून यायचे. मग मी मुद्दाम फोरमनचा चेहरा आठवायचो आणि डोळे कोरडे करायचो.

आमच्या प्राध्यापिका आयर्लंडमधल्या गॉलवे शहरातल्या. बारीक अंगाच्या, तिखट बोलणाऱ्या. एकदा त्यांनी खबऱ्यांवर तास घेतला, इंग्रजांना आपल्यातल्यांची नावं देणाऱ्यांवर. "आमच्या खेड्यात खुन्याच्या नातवाला मुलगी देतील," त्या म्हणाल्या, "पण खबऱ्याच्या नातवाला दुकानदार मीठसुद्धा देणार नाही." मग मला विचारलं, तुमच्या भाषेत असा शब्द आहे का? मी फळ्यावर देवनागरीत फितूर लिहिलं आणि म्हणालो, आम्हीही तीनशे वर्षं त्यांची नावं विसरलेलो नाही. वर्ग हसला. मागच्या बाकावरची मुलगी हसली नाही, तिने तो शब्द वहीत उतरवून घेतला.

फराळाच्या बाईंची मुलगी ती हीच. श्रूजबरीत जन्मलेली. मराठी कळायचं, बोलताना अर्धं इंग्रजी. पहिल्या दिवशी मला वर्गात बघून म्हणाली, "काका, सीरियसली? आईने पाठवलं का तुम्हाला, माझ्यावर नजर ठेवायला?"

"मला काय कामं नाहीत?"

"नाहीत ना. तुम्ही रिटायर्ड आहात."

शेजारच्या आयरिश आजीच्या स्वयंपाकघरात ती लहानाची मोठी झाली होती. आईवडील दोघंही कामावर, म्हणून शाळेतून ती तिकडेच जायची. त्या आजीच्या गोष्टींनी तिला या विषयात आणलं होतं. पुढे गॉलवेला जाऊन पीएच.डी. करायची होती, आणि त्यासाठी प्राध्यापिकाबाईंचं शिफारसपत्र लागणार होतं. घरचे म्हणत, कॉम्प्युटर घे. ती म्हणायची, "काका, तुम्ही सांगा ना बाबांना. तुमचं ऐकतात." मी सांगितलं. ऐकलंही त्यांनी.

दुसऱ्या वर्षी आमच्याकडे एक काम आलं. शहरातल्या म्हाताऱ्या आयरिश लोकांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या, टाइप करायच्या, आणि क्लबमध्ये एका रविवारी त्यांची पुस्तिका वाटायची. यात एक रीत कडक पाळायची असे. टाइप केलेली पानं आधी त्या माणसाला वाचायला द्यायची. जो भाग आपल्या मरणापर्यंत बंद राहावा असं त्याला वाटेल, त्याच्या कडेला तो निळ्या पेन्सिलीने रेघ मारणार. तेवढी पानं कॉलेजच्या कपाटात सीलबंद. प्राध्यापिकाबाई म्हणायच्या, "ही रेघ म्हणजे माणसाने आपल्यावर टाकलेला विश्वास आहे. ती मोडणाऱ्याने या क्षेत्रात राहू नये."

मी आणि मुलगी जोडीला होतो. ती माणसांशी बोलणार, मी टाइप करणार. यादी हातात आली तेव्हा चौथं नाव फोरमनचं होतं.

मुलाखतीला मी गेलो नाही. गुडघा दुखतो म्हणालो. दोन दिवसांनी मुलीने रेकॉर्डिंग आणून दिलं. "काका, हा आजोबा भारी आहे. आणि काका, शेवटचा भाग... तुम्ही ऐका. मी कारमध्ये बसून रडले."

लायब्ररीत खिडकीजवळ हेडफोन लावून बसलो. तोच आवाज, जरा घोगरा झालेला. पहिला तासभर बढाया. मग मुलगी विचारते, वडिलांबद्दल सांगा. तो तसबिरीबद्दल सांगतो. मग कप बशीवर ठेवल्याचा आवाज.

"बंद कर म्हटलं तर करशील?"

"करीन. पण चालू ठेवून नंतर रेघ मारता येते. तुम्ही असेपर्यंत कोणी वाचणार नाही."

"मग चालू दे. कोणाला तरी सांगून जायला हवं."

त्याच्या बापाचा थोरला भाऊ इंग्रजांच्या बराकीत पकडलेला होता. रोज मार खात होता. अधिकारी बापाला म्हणाला, एक नाव दे, भाऊ घरी येईल. शेजाऱ्याच्या गवताच्या माळ्यावर एकोणीस वर्षांचा एक मुलगा लपलेला होता. बापाने तो माळा दाखवला. मुलाला अंगणातच भिंतीशी उभं करून गोळी घातली. भाऊ घरी आला. कोणी सांगितलं ते गावाला कधीच कळलं नाही. फोरमन बोटीवर चढायच्या आदल्या दिवशी बापाने त्याला शेतात नेऊन हे सांगितलं.

"तो म्हणाला, तिकडे माझ्याबद्दल चांगलं काही सांगत बसू नकोस," फोरमन सांगत होता. "आणि मी इकडे येऊन दुसरं काहीच सांगितलं नाही. आमच्या क्लबचा सेक्रेटरी आहे ना, तो त्या मुलाच्या बहिणीचा नातू. दर गुरुवारी आम्ही पत्ते खेळतो. हे त्याला कळलं तर मला त्या दारातून आत जाता येणार नाही. आणि दुसरं दार मला नाही."

मी हेडफोन काढले. मला हसू येत होतं. सूत कातलंत का म्हणून विचारणाऱ्याचा बाप फितूर. चौकशीत माझं नाव देणारा हा, आणि शेजारच्या मुलाचं नाव देणारा त्याचा बाप. रक्त बोलतं, असं मी मनात म्हणालो. माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाने हे वाक्य मनात आणावं याची आज लाज वाटते. तेव्हा ते मला एखाद्या प्रमेयासारखं पटलं होतं.

टाइप केलेली पानं त्याच्याकडून परत आली. चार पानांच्या कडेला निळी रेघ, जरा वाकडी, आणि शेवटी लिहिलेलं: मी गेल्यावर.

मी दोन फाइली केल्या, एक पूर्ण आणि एक चार पानं काढलेली. पेन ड्राइव्हवर घालताना पूर्ण फाइलीला क्लबसाठीच्या फाइलीचं नाव दिलं. एवढंच करायचं होतं.

मुलगी गडबडीत होती, तिला त्याच आठवड्यात गॉलवेचा अर्ज पाठवायचा होता. "काका, क्लबची कॉपी तुम्ही चेक केलीय ना?"

"केलीय."

"मग मी उघडतसुद्धा नाही, डायरेक्ट प्रिंटला टाकते. तुम्ही चेक केलंय म्हणजे झालं."

तिच्या बरोबरीच्या अमेरिकन मुलीने उघडून पाहिली असती. हिच्या घरात काकांचं काम पुन्हा तपासणं उद्धटपणाचं होतं. हे मला माहीत होतं, आणि मी त्याच्यावरच भिस्त ठेवली होती. पुस्तिका छापून झाल्यावर मी पेन ड्राइव्ह परत मागितला आणि दोन्ही फाइलींची नावं सरळ करून ठेवली.

रविवारी दुपारी क्लबमध्ये चाळीसेक खुर्च्या मांडल्या होत्या, प्रत्येकीवर एक पुस्तिका. टेबलावर चहा आणि मनुका घातलेला पाव. भिंतीवर ती तसबीर. मी मागच्या रांगेत कडेला बसलो. फोरमन काठी टेकत आला. खांदे अजून रुंद, मान बारीक झालेली. त्याने खोलीवर नजर फिरवली आणि माझ्यावर थांबली.

"कलकत्ता?"

तो माझ्याकडे आला. मला वाटलं, ओळखून तोंड फिरवेल. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सेक्रेटरीला हाक मारली. "अरे, इकडे ये. हा आमच्या कारखान्यात होता. याच्यासारखा कान मी आयुष्यात पाहिला नाही. चाक वाजवायचा, आणि जो तडा एक्स-रेत सापडणार नाही तो सांगायचा. आम्ही पैजा लावायचो याच्यावर."

सेक्रेटरी चाळिशीचा, गोरापान, विनम्र. तो म्हणाला, "तुम्हाला भेटून आनंद झाला."

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मी बायकोलासुद्धा सांगितली नाही. त्या दिवशी ते चाक मी वाजवलं नव्हतं. तपासायला आठ चाकं होती. संध्याकाळी मंडळाच्या नाटकाची तालीम होती आणि दिग्दर्शक उशिरा येणाऱ्याला सगळ्यांदेखत बोलायचा. माझं काम म्हणजे दुसऱ्या अंकातली सहा वाक्यं. पाच चाकं वाजवली, उरलेल्या तिन्हींवर नुसती सही केली आणि गाडी काढली. फोरमन चौकशीत जे बोलला, ते अक्षरशः खरं होतं. मी वर्षानुवर्षं ज्याला खोटारडा म्हणत आलो, त्याने एका डोळा गेलेल्या पोरासाठी खरं सांगितलं होतं.

हे मला त्या क्लबमध्ये उभं असताना ठाऊक नव्हतं असं नाही. कायमच ठाऊक होतं. पण त्याने हात धरून माझ्या कानाची तारीफ केली तेव्हा ते समोर येऊन उभं राहिलं. खुर्च्यांवरच्या पुस्तिका अजून कोणी उघडल्या नव्हत्या. मी म्हणू शकलो असतो, थांबा, छपाईत चूक आहे. दोन मिनिटांत गोळा करता आल्या असत्या. पण सगळ्या अंगाला लागलेली ती हाक, कलकत्ता, कलकत्ता. चांगलं बोलतानाही याला माझं नाव आठवू नये? मी खाली बसलो.

मुलगी पुढे उभी राहून वाचू लागली. तिने निवडलेला उतारा साधा होता, कारखान्यातल्या पहिल्या हिवाळ्याचा. लोक ऐकता ऐकता पानं चाळत होते. सेक्रेटरीने दोन पानं उलटली, मग एक मागे आला, आणि तिथेच थांबला. मी त्याच्याकडेच बघत होतो. आता त्या पानावर काय आहे ते मला पाठ होतं.

तो उठला. भिंतीकडे गेला, खिळ्यावरून तसबीर उतरवली, बाहीने काच पुसली आणि आणून फोरमनच्या मांडीवर ठेवली.

"ही तुमची," तो म्हणाला, आणि पुन्हा जागेवर जाऊन बसला.

मुलगी वाचायची थांबली. पुढच्या रांगेतल्या एका बाईने शेजारणीला पान दाखवलं. मग सगळीकडे कागदांचा आवाज. कोणी आवाज चढवला नाही. लोक एकेक करून उठले, कोट घातले, चहा तसाच टाकून गेले. फोरमन तसबिरीच्या दोन्ही कडा धरून बसला होता, ट्रे धरावा तसा.

मला बरं वाटत होतं. मी ते लपवणार नाही. अकरा वर्षं डबा उघडताना ऐकलेलं सगळं हसणं त्या पाच मिनिटांत फिटलं. मी मनात त्याला विचारलं, आज काय जाळून आणलंस?

पार्किंगमध्ये मुलगी माझ्या गाडीशी आली. ओठ पांढरे पडलेले. "काका, मी चुकीची फाइल टाकली का? मी क्लबवालीच क्लिक केली होती. आय थिंक. मला आता आठवतच नाहीये."

मी म्हणालो, "होतं असं घाईत."

कॉलेजात चौकशी झाली. पेन ड्राइव्हवर दोन्ही फाइली, नावं बरोबर. बाईंनी मला विचारलं, "तुम्ही तिला कुठली दिली होती?"

"चार पानं काढलेली."

बाईंनी शिफारसपत्र दिलं नाही. मुलीने वादही घातला नाही, कारण तिला स्वतःचीच खात्री उरली नव्हती. ती कोर्स सोडून गेली. मी पदवी घेतली. ते कागदाचं भेंडोळं कपाटात आहे. मंडळाने माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, सत्तरीनंतर एम.ए. केल्याबद्दल.

फोरमन क्लबमध्ये पुन्हा गेला नाही. वर्षभराने मला कळलं की तो नर्सिंग होममध्ये आहे. मी एक कागद लिहिला. चार वेळा खोडून पुन्हा लिहिला. एका सकाळी तो खिशात घालून गेलो.

खोलीत खिडकीशी तो बसला होता. गुडघ्यांवर चौकड्यांची घोंगडी. तसबीर कुठे दिसली नाही. मी खुर्ची ओढली. खिशात हात घातला.

"कलकत्ता," तो म्हणाला. "तू आलास हे बरं केलंस. कोणी येत नाही."

मी कागद बाहेर काढला नाही. "मी कलकत्त्याचा नाही," मी म्हणालो. "सांगलीचा आहे. दोन गावांत हजारो मैलांचं अंतर आहे." हजारो नाही, मला माहीत होतं, पण म्हणालो.

"तू कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस."

"हो, तेही खरं." तो बाहेर बघत राहिला. "त्या चाकाचं मनात ठेवू नकोस. तक्त्यावर सही तुझी होती. पोराचा डोळा गेला होता. मी काय करायला हवं होतं?"

मी घोंगडीवरच्या चौकड्या बघत बसलो.

"आणि ती पोरगी, तुमच्यातलीच होती ना? तिला सांग, माझा तिच्यावर राग नाही. लहान आहे. लहानांच्या हातून चुका होतात. बापाचं ते एक ना एक दिवस बाहेर येणारच होतं. फक्त मी गेल्यावर आलं असतं तर बरं झालं असतं. गुरुवारी फार कंटाळा येतो."

बोलायचं ते तिथेच. एवढी उघडी जागा पुन्हा मिळणार नाही हे मला कळत होतं. पण सही तुझी होती, हे त्याने इतक्या सहज म्हटलं होतं, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. आधी त्याने माझी माफी मागावी, डब्याची, नावाची, मग मी माझा कागद काढीन, असं माझ्यातला कोणी तरी अडून बसला. आम्ही दोघं अर्धा तास खिडकीबाहेर बघत होतो. मग नर्स त्याला जेवायला घेऊन गेली. दारातून त्याने हात हलवला.

पुढच्या आठवड्यात जाईन असं म्हणत मी सात आठवडे गेलो नाही. आठव्या आठवड्यात गेलो तर खाटेवर दुसरंच कोणी होतं.

हे छापायला देण्याआधी कॉलेजला सही करून पत्र पाठवलं आहे, आणि मुलीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, मी दोन वर्षं रोज आठवत होते, मी कशावर क्लिक केलं ते." मी पुढचं बोलायच्या आत तिने फोन ठेवला. पुन्हा उचलत नाही. तिचं बरोबर आहे. तिच्या आईला हे वाचून कळेल. यापुढे मला फराळाला बोलावू नये.

कागद अजून त्याच कोटाच्या खिशात आहे. घड्यांवर फाटायला आलाय, म्हणून इथे उतरवून ठेवतो:

"ते चाक मी वाजवलं नव्हतं. तू खरं बोललास, आणि मी तुला घरोघरी खोटा ठरवलं. तू निळी रेघ मारलेली चार पानं मी उघडी केली, त्या मुलीने नाही. तुझा बाप एका भावासाठी वाकला. मी ते एका हाकेसाठी केलं. तुझे गुरुवार मी घेतले. मला क्षमा कर. माझं नाव कलकत्ता नाही, पण तू तीच हाक मारलीस तरी चालेल."